शॅकलवरचा आकडा

एक इंची बो शॅकल हातात घेतली तर सव्वादोन किलोच्या आसपास भरते. पोलादाची घडीव कमान, तिच्या दोन कानांतून आरपार जाणारी पिन, एवढाच तिचा पसारा. कमानीवर घडवतानाच उमटवलेला आकडा असतो : साडेआठ टन. वर क्रेन असते तिची किंमत कोटीत, खाली यंत्र असते त्याची कधीकधी त्याहून जास्त. मधला हा दुवा मात्र पोत्यातून निघतो आणि काम झाले की पोत्यात जातो. क्रेनच्या एका पाळीच्या भाड्यात अशा कितीतरी शॅकली विकत येतील. क्रेन आणताना तिची कागदपत्रे तपासली जातात, ऑपरेटरचा परवाना पाहिला जातो. पोत्याला कोणी काही विचारत नाही.

तो आकडा खोटा नसतो. पण तो काही अटींवर खरा असतो, आणि त्या अटी छापायला शॅकलवर जागा नसते. ओढ सरळ हवी, पिन तिचीच हवी, झटका नको, झीज नको, कड नको. यातली एकेक अट सुटत गेली की साडेआठाचे सहा होतात, चार होतात, आणि आकडा मात्र तसाच साडेआठ दिसत राहतो. भार उचलण्याच्या अपघातांविषयी वाचताना, कामाच्या जागा पाहताना मला वारंवार वाटत आले आहे की आपल्याकडे वस्तू तपासल्या जातात, जोडणी कोणी तपासत नाही.

हे काम आपल्या आसपास सतत चाललेले असते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रेलरवरून सळ्यांचे गठ्ठे आणि पत्र्याचे कॉइल उतरतात. चाकणमध्ये मोटारींच्या पत्र्याला आकार देणारे कित्येक टनांचे डाय प्रेसखाली सरकवले जातात. माझगाव गोदीत ३०० टनांची गोलायथ क्रेन जहाजाचे अख्खे भाग उचलते. मेट्रोच्या प्रत्येक दोन खांबांवर कधीतरी मध्यरात्री एक गर्डर चढलेला असतो. या मोठ्या उचलींसाठी निदान अभियंते असतात, नकाशे असतात, आदल्या दिवशी बैठक होते. मला धास्ती वाटते ती लहान उचलीची. दीड टनाची मोटर, दोन टनांचा पाइपांचा गठ्ठा, जेवणाच्या सुट्टीआधी उरकायचे ‘दोन मिनिटांचे काम’. तिथे नकाशा नसतो, बैठक नसते, फक्त एक खलाशी, म्हणजे भार बांधणारा कामगार, असतो आणि त्याच्या हातात सापडेल ती स्लिंग, म्हणजे भार अडकवायचा दोर, साखळी किंवा पट्टा.

कोनापासून सुरुवात करू, कारण तो दिसतो सगळ्यांना आणि मोजत कोणी नाही.

दहा टनांचे यंत्र दोन स्लिंगांनी उचलायचे आहे. साधा हिशेब : प्रत्येकीवर पाच टन. दोन्ही स्लिंगा हुकापासून सरळ खाली लोंबत असतील तर हिशेब बरोबर. पण हुक एक आणि अडकवायच्या जागा दोन, तेव्हा स्लिंगचे पाय फाकणारच. ते आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन करत असतील तर प्रत्येक पायावर ५.७७ टन येतात. ४५ अंशांवर ७.०७. ३० अंशांवर पूर्ण १० टन, एका एका पायावर. यंत्राचे वजन मधल्या काळात रतीभरही वाढलेले नसते. भरलेली बादली दोघांनी कडीला धरून नेताना खेटून चालले तर ओझे वाटत नाही, आणि दोघे एकमेकांपासून लांब सरकले की हात खांद्यातून निखळायला येतो, ते याच कारणाने.

तिरकी स्लिंग वर ओढते तशी आतही ओढते. वजन पेलतो तो त्या ओढीचा उभा भाग. आडवा भाग दोन्ही बाजूंनी भाराला दाबत बसतो. दहा टनांच्या त्या यंत्राला ४५ अंशांवर दोन्हीकडून पाच-पाच टनांचा चिमटा बसतो, ३० अंशांवर साडेआठ टनांहून अधिक. भक्कम बिडाची बॉडी तो सहन करते. पत्र्याची टाकी चेपते, लांब पातळ खांब मधोमध फुगतो, लाकडी खोक्याच्या फळ्या आत जातात. म्हणून लांब आणि नाजूक भारासाठी मध्ये लोखंडी बीम टाकतात, त्याला साइटवर स्प्रेडर म्हणतात. त्याच्या दोन टोकांपासून स्लिंगा सरळ खाली येतात आणि दाबाचा भार बीमवर जातो.

कोनमापक कोणी खिशात घेऊन फिरत नाही. जाणत्या रिगरची, म्हणजे भार बांधणाऱ्याची, तोड सोपी असते : अडकवायच्या दोन जागांमध्ये जेवढे अंतर, निदान तेवढ्या लांबीची स्लिंग घ्यायची. समभुज त्रिकोण झाला की ६० अंश आपोआप मिळतात. शाळेत शिकलेली भूमिती इतकी थेट उपयोगी पडण्याचे प्रसंग आयुष्यात फार येत नाहीत. अडचण अशी की लांब स्लिंगला वर जागा लागते. शेडचे छप्पर ठेंगणे असते, बूम पुरत नाही, हुक आणखी वर जात नाही. मग आखूड स्लिंग लावून पाय फाकवले जातात. खलाशाला कोन कळत नाही असे नव्हे. त्याच्यासमोर छप्पर असते आणि मुकादम घड्याळ पाहत असतो.

चार पाय लावले म्हणजे प्रत्येकावर चौथाई भार, हा आणखी एक गोड गैरसमज. भार ताठ असेल आणि चारही स्लिंगांच्या लांबीत बोटभर जरी फरक असेल, तर समोरासमोरचे दोन पाय ताणले जातात आणि उरलेले दोन नुसते सोबतीला लोंबतात. म्हणूनच चार पायांच्या साखळीची क्षमता काढताना चार पाय धरत नाहीत. तीन धरतात, आणि खबरदार माणूस दोनच धरतो. त्यातून भाराचा गुरुत्वमध्य मधोमध असेल याची काय खात्री? लेथचे वजन हेडस्टॉकच्या बाजूला एकवटलेले असते. पंप आणि मोटर एकाच चौकटीवर बसवलेले असतील तर मोटरची बाजू जड. हुक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर नसेल तर भार जमीन सोडताक्षणी स्वतःच तिथे जाऊ बघतो, आणि जाताना जो वाटेत उभा असेल त्याला घेऊन जातो. म्हणून आधी चार बोटे उचलायचे, थांबायचे, पाहायचे, आणि कलत असेल तर खाली ठेवून पुन्हा बांधायचे. ‘पुन्हा बांधायचे’ हे दोन शब्द साइटवर फार महाग असतात.

आता त्या शॅकलकडे. कमानीच्या मधोमध ओढ असताना तिची ताकद पूर्ण असते. ओढ तिच्या कडेला, ४५ अंशांवर गेली की उत्पादकांच्या तक्त्यात ती ७० टक्के धरली जाते आणि अगदी आडवी, ९० अंशांवर गेली की ५० टक्के. बो शॅकलची गोल कमान एकाहून अधिक स्लिंगा घेण्यासाठी असते. डी शॅकल एकाच सरळ ओढीसाठी. क्रेनच्या हुकावर टांगताना पिन हुकात आणि स्लिंगा कमानीत, ही रीत. उलटे केले तर स्लिंगा पिनेवर एका बाजूला सरकतात आणि शॅकल तिरकी होते. आट्यांची पिन असेल तर तिच्यावरून सरकती दोरी जाऊ द्यायची नाही, कारण प्रत्येक हालचालीला दोरी पिन थोडी थोडी फिरवते, आणि फिरवत फिरवत उघडते. जिथे भार तासन्‌तास लटकत राहणार किंवा थरथरणार, तिथे नट आणि स्प्लिट पिनवाली शॅकल लागते. 

पिन हरवणे हा या वस्तूचा मोठा रोग. कमान राहते, पिन कुठल्यातरी मातीत जाते. मग गोदामातून जवळपास त्या जाडीचा बोल्ट आणून घातला जातो. दिसायला काही फरक नसतो. पण एक इंची शॅकलची पिन एक इंचाची नसतेच. कमान २५ मिलिमीटर तर पिन २८. कमानीतला ताण वेगळ्या प्रकारचा, पिनेवर वाकण्याचा ताण येतो, म्हणून ती मुद्दाम जाड आणि विशिष्ट तापमानाला पाणी दिलेल्या पोलादाची असते. त्या जागी साधा बोल्ट घातला म्हणजे साडेआठ टनांचा आकडा आता कमानीपुरताच उरला. बोल्टाचा आकडा कोणाला ठाऊक नाही.

आय बोल्टाची तऱ्हा याहून फसवी. यंत्राच्या माथ्यावर स्क्रू केलेली गोल कडी; बनवणाऱ्याने दिली आहे म्हणजे कशीही ओढावी असे वाटते. खांदा नसलेला आय बोल्ट फक्त सरळ वर ओढण्यासाठी असतो. खांदा असलेला, पूर्ण टेकेपर्यंत घट्ट बसवलेला बोल्टसुद्धा तिरक्या ओढीत झपाट्याने कमजोर होतो. काही उत्पादक ४५ अंशांना मूळ क्षमतेच्या ३० टक्केच देतात. त्यातही ओढ कडीच्या पातळीत हवी, तिच्या कुशीवर नको. बांधकामावर तर काँक्रीटच्या ठोकळ्यात सळईची कडी वाकवून सोडतात आणि तीच उचलायला वापरतात. वळणापाशी आधीच थकलेली ती सळई कधी तुटेल हे सांगणारा तक्ता अस्तित्वात नाही.

तार आणि कड यांचे वैर तर उघड आहे. २० मिलिमीटरची चांगली वायररोप २५ टनांच्या आसपास तुटते, म्हणून तिच्यावर पाच टनांचा भरवसा ठेवतात. तीच वायररोप तिच्याच जाडीच्या गजाभोवती वळवली तर वळणापाशी निम्मी ताकद संपते. बीमच्या धारदार कडेवर याहून वाईट. उपाय कमालीचा स्वस्त असतो : उभा चिरलेला पाइपचा तुकडा किंवा लाकडाची फळी कडेखाली सरकवायची. फास घालून उचलले, म्हणजे स्लिंगचे एक टोक दुसऱ्यातून ओवून भार आवळला, तर क्षमता साधारण पाऊणपट धरायची. फास घट्ट बसावा म्हणून त्यावर हातोडा मारणारे पुष्कळ दिसतात. कोन मोडून फास खाली दाबला की तो हिशेबही मोडतो.

एवढे ऐकल्यावर अनुभवी माणूस हसून म्हणतो, पाचपट ताकद ठेवलेली असते की! खरे आहे. वायररोपला पाचपट, साखळीला चौपट, कापडी पट्ट्याला सातपट राखून आकडा छापतात. पण ती शिल्लक आपल्यासाठी ठेवलेली नसते. एखादा भार हळूहळू न चढवता एकदम सोडला, अगदी जराही उंचीवरून न पाडता, तरी क्षणभर दुप्पट ताण येतो. चिखलात रुतलेला पंप उपसताना किती टनांनी ओढतो आहोत हे क्रेनच्या ऑपरेटरलाही कळत नाही. झीज, गंज, थंडी-ऊन, ब्रेकचा धक्का, वाऱ्याचा झोत या सगळ्यांची खाती त्या शिल्लकीवर आधीच मांडलेली आहेत.

वाऱ्याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात मिलर पार्क या बेसबॉलच्या मैदानावर १४ जुलै १९९९ रोजी छताचा ४०० टनांहून जड तुकडा वर चढत असताना ‘बिग ब्लू’ नावाची अवाढव्य क्रेन कोसळली आणि जवळच्या पाळण्यात उभे असलेले तीन लोहकामगार मेले. वारा फार मोठा नव्हता. क्रेनवर पडणारा वाऱ्याचा दाब हिशेबात घेतला होता. छताच्या त्या शिडासारख्या पसरट तुकड्यावर पडणारा दाब नीट धरलेला नव्हता. तिथेही लोड चार्ट, म्हणजे क्रेनच्या क्षमतेचा तक्ता, होता, आकडे होते.

वस्तू थकते ही गोष्ट माणसाला कळली तीसुद्धा उचलण्याच्या कामातून. जर्मनीतल्या हार्झ डोंगरात क्लाउस्थालला चांदीच्या आणि शिशाच्या खोल खाणी होत्या. माल वर काढायला तागाचे दोर वापरीत, ते कुजत. लोखंडी साखळ्या आणल्या तर त्या तुटत, आणि न सांगता तुटत. खाणींचा अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट याने १८२९ मध्ये साखळीवर पुन्हा पुन्हा भार देऊन-काढून पाहिले. एकदाच दिलेला मोठा भार जे करत नाही ते हजारो वेळा दिलेला लहान भार करतो, हे त्याने पाहिले. धातूच्या थकव्यावरचे हे पहिले ज्ञात प्रयोग. मग त्याने साखळीचा नादच सोडला. लोखंडी तारांना पीळ देऊन दोर वळला : तीन पेड, प्रत्येकात साडेतीन मिलिमीटरच्या चार तारा. जुलै १८३४ मध्ये तो कॅरोलिन खाणीत चढला. आजच्या क्रेनवरच्या, पुलांवरच्या, लिफ्टच्या वायररोपचा तो पूर्वज.

आल्बर्टच्या दोराचा खरा गुण ताकद हा नव्हता. साखळीत एक कडी गेली की सगळे गेले. दोरात एक तार तुटली तर बाकीच्या अकरा पेलतात आणि तुटलेली तार वर टोचू लागते. तो आधी कळवतो. वायररोप तपासण्याचे सगळे नियम या एका गुणावर उभे आहेत. स्लिंगच्या पिळाच्या एका पूर्ण फेऱ्यात दहा तारा तुटलेल्या दिसल्या, किंवा एकाच पेडात पाच, तर ती बाद. क्रेनच्या सरकत्या दोरासाठी मोजणी आणखी कडक. दोर कुठे चपटा झाला, पेड पिंजऱ्यासारखे फुगले, गाभा बाहेर डोकावला, एकदा बसलेला मुरडा सरळ केलेला दिसला, तरी बाद. खलाशी जुन्या दोरावरून चिंधी फिरवतात; चिंधी अडकते तिथे तुटकी तार. उघड्या हाताने तपासणारा एकदाच तपासतो.

दोराला गाठ म्हणून बुलडॉग क्लॅम्प लावतात. त्याच्या दोन बाजू असतात : एक घडीव खोबणीची, दुसरी यू आकाराच्या बोल्टाची. खोबणी भार घेणाऱ्या बाजूवर बसली पाहिजे आणि यू बोल्ट सुट्या शेपटीवर, कारण यू बोल्ट दोराला चिमटतो. गावोगावच्या टॉवरांवर, मंडपांच्या ताणांवर, विहिरीच्या रहाटांवर हे क्लॅम्प पाहा. एक असा, एक तसा, आलटून पालटून लावलेले दिसतील. लावणाऱ्याला बहुधा ते शोभिवंत वाटते.

साखळी आज परत आली आहे, पण ती आल्बर्टची साखळी नव्हे. मिश्रधातूच्या पोलादाची, ग्रेड ८० ची. तिची १० मिलिमीटरची एक सरी ३.१५ टन उचलते. कुंपणाची किंवा ट्रकच्या फाळक्याची १० मिलिमीटर साखळी शेजारी ठेवली तर नवख्याला ओळखू येत नाही. खरी ओळख कडीवर ठराविक अंतरावर ठोकलेल्या ८ च्या खुणेची. ही साखळी ताणली जाऊन पाच टक्क्यांनी लांबली, किंवा कडी दहा टक्क्यांनी झिजली, की संपली. तिला वेल्डिंग करून जोडणे म्हणजे पाणी दिलेल्या पोलादाचा सगळा गुण त्या एका जागी जाळून टाकणे. हुकाचे असेच. चांगला हुक एकदम तुटू नये, आधी उघडत जावा, अशा बेताने बनवतात. म्हणून जाणते लोक नव्या हुकाच्या तोंडावर दोन पंचाच्या खुणा मारून त्यांच्यातले अंतर लिहून ठेवतात. पुढे कधी ते पाच टक्क्यांनी वाढले तर हुकाने काय भोगले आहे ते कळते. तापवून, ठोकून तोंड परत मिटवलेला हुक ही मी सर्वात वाईट चीज मानतो, कारण त्याने सांगितलेले आपण पुसून टाकलेले असते.

कापडी पट्टे आल्यापासून काम हलके झाले. रंगावरून क्षमता कळते : जांभळा एक टन, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. लेबलाचा रंग मात्र धाग्याची जात सांगतो. निळे लेबल पॉलिएस्टरचे. निळा पट्टा आठ टनांचा आणि निळे लेबल कोणत्याही टनाचे, हा घोळ होतो. पॉलिएस्टरला तीव्र अल्कली सोसत नाही आणि ओल्या सिमेंटमध्ये तीच असते. बांधकामावर पट्टे कुठे टाकलेले असतात हे सांगायला नको. नायलॉनचे उलटे, त्याला आम्ल खाते. ऊन दोघांनाही खाते. कडेला काप गेलेला, शिवण उसवलेला, लेबल फाटलेला पट्टा बाद करायचा असतो. लेबल गेले म्हणजे त्याची ओळखच गेली.

आणि बाद केलेल्या वस्तूचे पुढे काय होते? नियम साधा आहे : कापून टाका. वायररोप गॅस कटरने मधोमध, पट्टा सुरीने, शॅकल दोन तुकड्यांत. कारण अखंड भंगार भंगार राहत नाही. कुठल्या तरी मोठ्या कारखान्याने लाल रंग मारून बाजूला टाकलेली स्लिंग भंगारवाल्याकडून लहान शेडमध्ये पोहोचते, आणि तिथे ती ‘मोठ्या कंपनीची स्लिंग’ म्हणून मानाने वापरली जाते. मुंबईत रे रोडजवळच्या दारूखान्यात आणि तिकडे गुजरातेत अलंगला मोडलेल्या जहाजांच्या साखळ्या, शॅकली, दोर यांचे ढीग विकायला असतात. त्यातले काही उत्तम असेल. समुद्राच्या खाऱ्या हवेत कोणी किती वर्षे काय ओढले, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते आणि घेणारा किलोचा भाव विचारतो.

कायदा याबाबतीत आश्चर्य वाटावे इतका नेमका होता. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने क्रेनबरोबर साखळी, दोर, हुक, शॅकल, क्लॅम्प या सगळ्यांना एकाच धाग्यात घेतले. बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी. प्रत्येक वस्तूवर सुरक्षित भार आणि ओळखखूण. नोंदवही. चाचणी वगळता त्या आकड्याच्या वर कधीही भार नाही. ओव्हरहेड क्रेनच्या रुळांवर माणूस काम करत असेल तर क्रेन सहा मीटरच्या आत येता कामा नये. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत तो कायदा सामावून घेतला गेला. बऱ्याच मोठ्या प्रकल्पांवर कायद्याच्या पुढे जाऊन दर तीन महिन्यांनी तपासणी होते आणि पास झालेल्या वस्तूला त्या तिमाहीचा रंग फासतात. या तिमाहीत हिरवा, पुढच्या तिमाहीत पिवळा. पद्धत चांगलीच आहे. पण रंग शॅकलला लागतो. शॅकल आज कोणत्या कोनात अडकवली, पिन कुणाची, खाली कड आहे का, हे त्या रंगाला कसे कळावे?

चाचणीसुद्धा उचलच असते. १ ऑगस्ट २०२० रोजी विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डमध्ये ७० टनी क्रेनची भारचाचणी चालू असताना क्रेन कोसळली आणि ११ जण गेले. यंत्र पेलते की नाही हे पाहायचेच होते, म्हणजे ते न पेलण्याची शक्यता कागदावर मान्य होती. आपल्याकडे समृद्धी महामार्गावर शहापूर तालुक्यात सरळांब्याजवळ ३१ जुलै २०२३ च्या रात्री गर्डर चढवणारे लाँचर पडले. २० माणसे मेली. या दोन्ही ठिकाणी दोष शॅकलचा होता असे मी म्हणत नाही. प्रश्न माणसांचा आहे : भार हवेत असताना त्याच्या आवाक्यात इतके जण का असतात?

या प्रश्नाचे रोजचे रूप हायड्रा क्रेनच्या मागे-पुढे चालताना दिसते. भार उचलून चालत जाणारी ही क्रेन आपल्या औद्योगिक वसाहतींची बैलगाडी झाली आहे. भार पुढे लोंबतो, रस्त्याच्या खड्ड्यांनी झुलतो, आणि तो झुलू नये म्हणून एक हेल्पर त्याला दोन्ही हातांनी धरून क्रेनच्या पुढे उलटा चालतो. ऑपरेटरला भाराआडचा तो माणूस धड दिसत नाही. काही मोठ्या कंपन्यांनी या जुन्या पद्धतीच्या क्रेनला आपल्या आवारात बंदी घातली. बाकीच्यांसाठी उपाय एक लांब दोरी आहे. टॅगलाइन म्हणतात तिला. भाराला बांधून दुरून धरायची. ती दोरी साइटवर का सापडत नाही हे मला कधीच समजलेले नाही.

खलाशी हा शब्द आपण बंदरातून कारखान्यात आणला, आणि त्याच्याबरोबर बरेच ज्ञानही आले. केरळात बेपूरचे मापिळा खलाशी लाकडी गलबते बांधून पाण्यात लोटण्यात पिढ्यानपिढ्या मुरलेले. जुलै १९८८ मध्ये पेरुमणच्या पुलावरून आयलंड एक्सप्रेसचे डबे अष्टमुडी सरोवरात पडले, शंभरावर प्रवासी बुडाले, तेव्हा डबे वर काढायला या लोकांना बोलावले गेले. दोर, कप्पी, लाकडी रहाट आणि एका सुरात लावलेले बळ, यावर त्यांनी काम केले. मुंबईच्या गोदीतही जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘हबेस’ म्हणजे उचल आणि ‘आरिया’ म्हणजे सोड. त्या परंपरेत म्होरक्याचा शब्द अखेरचा असे. तो नको म्हणाला की दोर सोडला जाई. आज खलाशी कंत्राटदाराच्या कंत्राटदाराचा रोजंदार असतो. पट्टा कापला गेला आहे हे सर्वात आधी त्याच्या हाताला कळते, आणि ‘साहेब, हा पट्टा नको’ म्हणण्याचा अधिकार सर्वात कमी त्यालाच असतो. ‘एकदाच उचलायचंय रे, चालतंय’ हे उत्तर त्याने पुष्कळदा ऐकलेले असते, आणि बहुतेक वेळा खरोखरच चालून गेलेलेही असते. तोच तर घोळ आहे.

हे कारखान्यापुरतेही नाही. गणेशोत्सवात कोल्हापूरच्या इराणी खणीसारख्या ठिकाणी मोठ्या मूर्ती क्रेनने उचलून पाण्यात सोडल्या जातात. मूर्तीला उचलण्याची कडी नसते. पट्टे खालच्या चौकटीखालून घ्यावे लागतात, गुरुत्वमध्य उंच असतो, वजन कोणालाच नक्की माहीत नसते. आणि खाली गुलाल उधळणारे कार्यकर्ते. मूर्तिकाराने लोखंडी चौकटीलाच चार चांगल्या कड्या जोडून त्यावर वजन रंगवून दिले तर निम्मे काम होईल. कार्यकर्त्यांना मागे सारणे हे उरलेले निम्मे, आणि तेच अवघड.

क्रेनला खुणा एकाच माणसाने द्यायच्या, ऑपरेटरने दुसऱ्या कोणाचे ऐकायचे नाही, असा सगळीकडचा नियम आहे. त्याला अपवाद एकच : थांबण्याची खूण. ती कोणीही द्यावी, झाडूवाल्याने, वॉचमनने, आणि ऑपरेटरने कारण न विचारता थांबावे. कागदावर हा अधिकार प्रत्येकाला आहे. पण क्रेन पाळीच्या भाड्यावर आलेली असते आणि थांबलेल्या क्रेनचे मीटरही चालूच राहते. भाड्याच्या करारात डिझेल कोणाचे, ऑपरेटरचे जेवण कोणाचे, जादा तासांचा दर काय, सगळे लिहिलेले असते. स्लिंग नाकारल्यामुळे गेलेला तास कोणाच्या खात्यावर, याची एक ओळ त्यात घालता येईल, आणि गोदामात दोन जादा स्लिंगा व पिनांसकट चार शॅकली ठेवता येतील. त्यासाठी सुरक्षा अधिकाऱ्याची सही पुरत नाही, खरेदी विभागाची लागते.